हिराच्या नावाने दिलेले उत्तर

सिंगापूर, रविवार, १२ नोव्हेंबर २००६

आज सुट्टी. सकाळी कपडे धुऊन खिडकीबाहेर बांबूवर वाळत घातले. दुपारी खिचडी केली. आता पत्राला बसलो आहे.

आदरणीय भाऊसाहेब, सविनय जयभीम. आपले गुडघे आणि वहिनींची शुगर कशी आहे ते कळवावे. मी बरा आहे. (खिचडी चार दिवसांतली तिसरी, पण हे वहिनींना सांगू नये.)

आपली बहीण जाऊन आठ महिने झाले, पण ती शिकवायची ते कॉलेज तिला अजून सोडत नाही. तिथल्या नर्सिंगच्या मुली अर्धे शिक्षण घरी कॉम्प्युटरवर घेतात आणि अर्धे वर्गात, सरावाच्या पुतळ्यावर. कॉम्प्युटरवरचे सगळे धडे हिराच्या आवाजात आहेत, आमच्याच जेवणाच्या टेबलाशी बसून भरलेले. जुरोंग आयलंडच्या रिफायनरीतून कंपनीच्या बसने परतलो की मी तिच्या पासवर्डने एक धडा लावतो. बेडपॅन देण्याची पद्धत मला आता तोंडपाठ आहे. (द्यायला घरात कोणी नाही.)

धड्याखाली मुली प्रश्न विचारतात. एकीने तीनदा विचारले होते की मॅडम, जड पेशंटला कुशीवर कसे वळवायचे. हिराने कुणाचा प्रश्न दोन दिवस पडू दिला नसता. म्हणून मी आमच्या रिफायनरीत जड पंप हलवतात तसे लिहून दिले. आधी जागेभोवती लाल-पांढरी पट्टी बांधावी, इशारा एकानेच द्यावा आणि परमिटवर, म्हणजे कामाच्या परवानगीच्या कागदावर, वरिष्ठांची सही झाल्याशिवाय कोणी हात लावू नये. उत्तराखाली नाव आपोआप तिचे आले. मी ते बराच वेळ बघत बसलो.

बुधवारी वर्गात मुलींनी पलंगाला पट्टी बांधली आणि वीस मिनिटे पुतळ्याला हात न लावता बघत उभ्या राहिल्या. एकीने हाताने आखलेले परमिट सहीसाठी दीप्तीपुढे धरले. (दीप्ती हिराची सहकारी, पुण्याची. अंत्यसंस्काराला शेवटपर्यंत थांबली होती.) हे कुणी शिकवले, असे तिने विचारले. मुली या वर्षीच्या, हिरा गेल्याचे त्यांना ठाऊकच नव्हते. एकीने इथल्या इंग्रजीत सांगितले,

"हिरा मॅडम रिप्लाइड लास्ट वीक, लाह."

दीप्ती म्हणे खुर्चीत बसली. संध्याकाळी तिचा फोन आला. आधी माझ्या जेवणाखाण्याची चौकशी केली, मग म्हणाली, "भाऊजी, ताईंचा पासवर्ड तुमच्याकडे आहे का?" मी हो म्हटले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते.

शुक्रवारी ते खाते बंद झाले. दीप्तीने सगळ्या धड्यांच्या दोन सीड्या करून दिल्या, त्यातली एक सोबत पाठवतो आहे. मार्चमध्ये तिच्या पहिल्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लावणार असाल तर बेडपॅनचा धडा टाळावा.

आपला,
मनोहर

ता. क. दुसऱ्या धड्याच्या शेवटी रेकॉर्डिंग बंद करायचे राहिले आहे. त्यात हिरा मला विचारते, "अहो, गॅस बंद केलात का?" तेवढे कापू नये.

ता. क. २. खरे काम हे आहे. नववा धडा पेशंट गेल्यावर देहाची काळजी कशी घ्यायची याचा आहे. तो मी अजून लावलेला नाही. आपण आधी ऐकावा आणि मला ऐकवेल की नाही ते कळवावे. शेवटी ती आणखी काही बोलली आहे का, तेही.

आत्ता उठून गॅस बघून आलो. बंद होता.