टिंबाआडचे गणपती

२ मे १९९९, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. पेणमध्ये गणपतीचे कारखाने पुष्कळ, पण कॉम्प्युटर विभाग फक्त आमच्याकडे. विभागात सध्या मी एकटा. दादाला (माधवराव, मोठा भाऊ, कारखाना त्याच्या नावावर) अजून वाटतं मी रिकामा बसतो.
कॅनडातलं एक मराठी मंडळ २२ तारखेला आमच्या वेबसाइटवर यंदाच्या मूर्ती बघून ऑर्डर देणार. मंडळ मी शोधलं, पत्रव्यवहार माझा. एकदा ऑर्डर आली की दादाने मला चारचौघांत ‘याने केलं’ म्हणायचं. बस. बाकी अपेक्षा नाही.

४ मे
धोका! फोटो आधीच चढवले तर खालच्या आळीचा गोविंदा बघणार आणि तश्शाच मूर्ती काढणार. मासिकात उपाय सापडला. फाइलच्या नावाआधी टिंब द्यायचं. सर्व्हरवर, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवतात त्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर, ती लपते. मूर्ती घरी नेताना तोंडावर रुमाल टाकतो, तसंच. २२ ला टिंबं काढायची. पडदा परक्यांसाठी असतो, मालकाला कसला? रात्री सगळ्या फोटोंना टिंबं दिली. गोविंदा, बस आता बोंबलत.

५ मे
रेल्वेने रोह्याला, प्रविणच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये. इंटरनेट तिथेच. सोबत पुंडलिक. हा आमचा आखणीचा कारागीर, रोह्याच्या वाटेवरच्या कासूहून येतो. मूर्तीचे डोळे तोच काढतो, दुसऱ्या कुणाला दादा ब्रश लावू देत नाही. म्हणाला, माजे डोले अमेरिकेला कसे जातात ते बघूद्या की, धाकटे शेठ.
एफटीपी सॉफ्टवेअर: डावीकडे आपला कॉम्प्युटर, उजवीकडे सर्व्हर. फायली चढल्या असं इंग्रजीत आलं. प्रविण म्हणाला, सर, एक गोष्ट सांगू का. गाडीची वेळ झाली होती, म्हटलं मला सगळं माहीत आहे.
पुंडलिक परतीच्या गाडीत एकटाच हसत होता.

१७ मे
रोहा. उजवी बाजू रिकामी. एकही गणपती नाही!! चोरी.
पासवर्ड फक्त माझ्याकडे. पण टाइप करताना पुंडलिक माझ्या बोटांकडे बघत होता. आता आठवतं. आणि हसत होता.

१८ मे
दादाला सांगितलं. तो म्हणाला, पुंडलिक? तुझं डोकं ठिकाणावर आहे का? म्हणून सगळ्यांसमोरच विचारलं, गोविंदाला फोटो केव्हा दिलेस? पुंडलिक म्हणाला, धाकटे शेठ, मना त्या मशिनला हात लावाया पन येत नाय. ब्रश धुतले, फडक्यात बांधले आणि गेला. जेवणाचा डबा विसरला.
खरा असता तर भांडला असता.

२० मे
पुन्हा फोटो चढवले. चोराला कळू नये म्हणून नवी नावं, नवी टिंबं. चढले म्हणतं आणि क्षणात लंपास! पुन्हा नवी नावं. पुन्हा लंपास. दिवसभर हेच. पुंडलिक तर कासूला घरी बसलाय. म्हणजे टोळी आहे. मला आधीपासून संशय होताच.
प्रविण धाटावला कुठल्याशा कंपनीत गेलाय. त्याची बहीण किमया काउंटरवर. तिला काही येत नाही, फक्त तास मोजता येतात.

२२ मे
मोठा दिवस. ठरवलं, आता टिंब नको, सरळ चढवू. सर्व्हर म्हणतो जागा संपली. रिकाम्या घरात जागा कशी संपेल? सर्व्हरवाली कंपनी फ्रॉड आहे.
मंडळाने साइट उघडली. मूर्तींच्या जागी चौकटी आणि लाल फुल्या.
अनसूयाला सगळं समजावून सांगितलं. म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. बायकोने टेक्निकल गोष्टीत पडू नये.

२४ मे
प्रविण आला. सॉफ्टवेअरमध्ये एका चौकोनात दोन-तीन अक्षरं टाकली. उजवीकडे गणपतीच गणपती. पाच तारखेचे, वीस तारखेचे, सगळे. एकही गेला नव्हता. म्हणाला, सर, टिंबवाल्या फायली मालकालाही दिसत नाहीत, दाखव म्हणून सांगावं लागतं. त्या दिवशी तेच सांगत होतो.
लाज वाटली. खूप. मग प्रविणला म्हटलं, हे तुझ्या-माझ्यात राहू दे.

२५ मे
मंडळाचं उत्तर: दुसरीकडे ऑर्डर दिली. दादाला म्हटलं, मोठ्या प्रयत्नांनी फायली परत मिळवल्या. तो म्हणाला, मग पुंडलिकचं काय? म्हटलं, चौकशी चालू आहे.
पुंडलिकला गोविंदाने बोलावून घेतलं असं ऐकतो. आमच्याकडे नवा पोरगा आखणी करतो. सगळे गणपती दाराकडे बघतात, कुणी येतंय का म्हणून. डबा अजून खिडकीत आहे.

३१ मे
ठाम निश्चय. उद्या कासूला उतरायचं, डबा द्यायचा, चूक सांगायची. एका वाक्यात. ‘चूक’पेक्षा ‘गैरसमज’ बरा.

१ जून
कासूला गाडी थांबली. डबा मांडीवर. उतरणारच होतो, पण दारात गर्दी होती. चार माणसं. रोह्यापर्यंत गेलो, चहा प्यायलो, उलट गाडीने निघालो. येताना उतरायचं ठरवलं.
कासूला पुंडलिकच चढला. दुपारपाळीला गोविंदाकडे निघाला असणार. समोरच बसला. मी खिशातला रुमाल तोंडावर टाकला आणि झोपलो. मला तो दिसत नव्हता, म्हणजे त्याला मी दिसत नसणार.
पेणला कुणीतरी खांद्याला हात लावला. धाकटे शेठ, उठा, पेन आला.
रुमाल काढेपर्यंत तो उतरून गेला होता. मांडीवरचा डबाही नव्हता.
उद्यापासून रोह्याला एसटीने जायचं.