बांधाखालचं गढूळ पाणी

सूनबाई,

टेबलावरच्या ग्लासातलं पाणी पिऊ नकोस. आपल्या तळ्याच्या बांधाखाली जे झिरपतं, ते आहे. एरवी नितळ असतं, आज गढूळ आलं. म्हणजे पाणी आतून बांधाची माती नेतंय, बांध कधीही फुटेल. बांधावरचं तुझ्या सासऱ्यांनी लावलेलं झाड ते वारल्यावर आपण तोडलं, पण मुळं आतच राहिली आणि कुजून पाण्याला वाट झाली. पहाटे तिथूनच त्यांची हाक आली, म्हणून मी बघायला गेले.

आता तळं रिकामं करायला झडप उघडायला जाते. तू लेकीला उचल आणि टेकडीवर मावशींकडे जा. वाटेत सुतारदादांना उठव. म्हातारीला पुन्हा भास झाले म्हणतील. तेव्हा ग्लास दाखव.

मला शोधायला येऊ नकोस. बांधावरून हाक ऐकू आली, अगदी माझी असली, तरी मागे वळू नकोस.

आई