पियानोच्या उजव्या हाताबद्दल

मी, श्रीमती उत्तरा विद्याधर टिपणीस, वय त्र्याहत्तर, राहणार मुलुंड पूर्व, मुंबई, बुद्धी जागेवर असताना आणि कोणी हात धरून लिहून घेत नसताना हे मृत्युपत्र करते. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तो खास माझ्या दिरांसाठी. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहती सदनिका माझ्या एकटीच्या नावावर आहे. ती माझा मुलगा शौनक आणि मुलगी गार्गी यांना समसमान मिळावी. इमारत पुनर्विकासाला गेल्यास नव्या जागेलाही हेच लागू. ठेवी शौनकच्या, दागिने गार्गीचे. शौनकने ठेवी मित्रांच्या धंद्यात घालू नयेत. ही अट नव्हे, आईचे सांगणे आहे. व्यवस्थापक म्हणून मी त्यालाच नेमते.

२. दीर श्री. देवव्रत टिपणीस यांना माझ्या यजमानांची वाजवायची पेटी द्यावी. ती त्यांनी न विचारता नेलेलीच आहे, तेव्हा द्यायचे कष्ट पडणार नाहीत.

३. पियानो गार्गीचा. शौनक म्हणेल, “आई, लिफ्टमध्ये मावत नाही ना तो, विकून टाकू.” विकू नये. का, ते लिहिते.

हा पियानो यजमानांनी सांताक्रूझच्या एका वृद्ध गोवेकर वादकाकडून घेतला आणि रॅगटाइम त्यांच्याकडूनच शिकले. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत, गुलामगिरी संपून एखादी पिढी लोटली असताना, तिथल्या कृष्णवर्णीय वादकांनी हे संगीत घडवले. गुत्त्यांत, जत्रांत, मिळेल त्या पियानोवर ते वाजवत हिंडायचे. डावा हात बँडच्या कवायतीसारखा सरळ चालतो. उजवा त्याच्या जरा आधी किंवा जरा नंतर, मुद्दाम अडखळत; त्यात बँजोवरच्या नाचांच्या चाली आल्या. रॅग म्हणजे चिंधी. चिंध्या झालेली लय, असा या नावाचा अर्थ बरेच जण लावतात.

आमच्या घरी डावा हात माझा, उजवा त्यांचा, बाक एकच. माझा कान तबल्याच्या ठेक्यावर वाढलेला. त्यामुळे सम आली की माझा हात जोरात पडे आणि मानही हले. ते हसत. “अगं, इथे सम गाठायची नसते, तिला हुलकावणी द्यायची असते. आणि पळू नकोस, हे घाईचं संगीत नाही.” मी खूप आवरले, जमले नाही. शेवटी तेच म्हणाले, “राहू दे. तू समेवर असतेस म्हणून मला भटकता येतं.”

उजवा हात त्यांनी गार्गीला शिकवला. ते गेले त्या आठवड्यात ती पियानोपाशी बसली आणि त्यांचा आवडता तुकडा वाजवू लागली. भावजी कडाडले, “घरात सुतक आहे आणि हे काय नाचगाणं लावलंयस गं?” पोर रडत वाजवत होती, त्यांना फक्त वाजवणे दिसले. ज्यांनी हे संगीत घडवले, त्यांच्या घरी दुःख काय कमी होते? गार्गीने झाकण लावले. “आई, मी परत इथे नाही बसणार.”

अजूनही ती येते, औषधे आणते, कोलंबीचे कालवण करते आणि पियानोकडे पाठ करून जेवते. ती गेल्यावर मी डावा हात वाजवते. शेजारणीला वाटते, आजींचा पहिलाच धडा चाललाय. मला यजमानांची फार आठवण येते. ते काही यायचे नाहीत, हे मला कळते. पण त्यांचा उजवा हात गार्गीच्या बोटांत आहे आणि तो ऐकल्यावाचून जायची माझी तयारी नाही.

४. मी गेल्यावर सुतकात घरात हवे ते वाजवावे. भावजींनी कानात बोळे घालावेत.

५. वरील सर्व कलमे माझ्या पश्चात अमलात यावीत. हे शेवटचे मात्र मी हयात असतानाच. म्हणून याची एक प्रत उद्याच गार्गीला पोचती करणार आहे. गार्गी, मेलेल्या माणसाला ऐकू येत नाही गं. या रविवारी ये, आणि वाजव.

उत्तराताईंनी हे वाचून, समजून आम्हा दोघांसमोर सही केली; आम्हीही त्यांच्यासमोर केली.

लिहून देणार : उत्तरा वि. टिपणीस (सही)
साक्षीदार : १. प्रांजल गुप्ते (सही)  २. सुगंधा वैती (सही)
मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक ९ जुलै २०२५