काट्यावरचा पलंग

४ फेब्रुवारी
चढला एकदाचा पलंग काट्यावर! दुकानातला मोठा वजनकाटा घरात आणायला चार माणसं लागली. काट्यावर पलंग, पलंगावर बाबा. पलंग-गादी वजा करून — ५१.३४० किलो.

बाबांनी चाळीस वर्षं काटे दुरुस्त केले, आता मी करते. त्यांना शेवटचं माप स्वतःचं घ्यायचंय. "जीव गेला की आकडा बघ. कमी झाला तर काहीतरी निघालं. निघालं म्हणजे कुठेतरी पोचणारच की!"

आई म्हणाली, "यांचं डोकं फिरलंय, आणि तू त्यांची मुकादम."

६ फेब्रुवारी
५१.१२०.

९ फेब्रुवारी
डॉक्टरांनी तपासताना बॅग पलंगावर ठेवली. सव्वातीन किलो वाढ! अंगात त्राण नसताना बाबा ओरडले — "उचला ती! माझ्या आत्म्यात धरली जाईल!" डॉक्टर दचकून स्वतःच पलंगावर बसले. आकडा शंभरापार. मला हसू आवरेना.

१२ फेब्रुवारी
नियम ठरला — शेवटच्या वेळी पलंगाला कुणी शिवायचं नाही.

आई भडकली. "हातसुद्धा धरायचा नाही?"

"हाताला वजन असतं गं."

"असू दे की!"

तरातरा स्वयंपाकघरात गेली. जेवली मात्र नाही. हल्ली दोन घासांवर उठते.

१५ फेब्रुवारी
दुपारी बाबा हळूच म्हणाले, "आकडा हललाच नाही तर?"

मी म्हटलं, काट्यात दोष असेल.

"काटा मी स्वतः लावलाय."

मला भीती वाटते. हा माणूस कुठेच नाही, हे मला नाही सहन होणार.

१७ फेब्रुवारी
बाबा गेले. सकाळी सव्वादहाला.

मी वही घेऊन आकड्यासमोर. ४९.८६०. श्वासांतलं अंतर वाढत चाललं होतं. आई आली, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि सरळ पलंगावर चढून त्यांच्या शेजारी आडवी झाली!

"आई, उतर!" मी किंचाळले. ती हुंदके देत होती, आकडा नुसता नाचत होता. बाबांनी डोळे उघडले. आईकडे बघितलं.

"लिहून घे," मला म्हणाले, "वाढलं."

त्यानंतर काही बोलले नाहीत.

पुष्कळ वेळाने आई शांत झाली, आकडाही थांबला. ९३.१५०. लिहून घेतला — सवय! मग मलाच रडू फुटलं. बाबांना कधी उचललं, आई कधी उतरली, काही दिसलं नाही.

१८ फेब्रुवारी
वही चाळताना एकदम लक्षात आलं — ९३.१५० मधून आईचं वजन वजा केलं की बाबांचं नंतरचं वजन! उत्तर हातात आहे!

आईला म्हटलं, जरा काट्यावर उभी राहतेस?

तिने पदराने चष्मा पुसला. "उद्या," म्हणाली.

१९ फेब्रुवारी
आई आज पोटभर जेवली. दोनदा वाढून घेतलं. वर तीन पेले पाणी. मग हात पुसत आली आणि काट्यावर उभी राहिली.

"हं. कर आता वजाबाकी."