साक्षीदाराला हजर करा

कोलंबो, सप्टेंबर १९८९

माय, तुला आणि आबांना वाल्मीकचा जय भीम.

आम्ही दोघं सुखरूप आहोत. तुझी सून कुसुमा ‘माय’ म्हणायला शिकली. फक्त तिचा भारताचा व्हिसा इथल्या आपल्या वकिलातीत अडलाय.

आमच्या लग्नाचा साक्षीदार, म्हणजे तिचा भाऊ, समोर उभा करा म्हणतात. त्याला गेल्या महिन्यात बंदूकवाल्यांनी दार वाजवून बाहेर नेलं आणि चौकात गळ्यात टायर घालून जाळलं. साहेब म्हणाला, “मग मृत्यूचा दाखला आणा.” मी त्याची कॉलरच धरली. शिपायांनी मला तुडवलं. एक दात पडला, बाकी ठीक.

आबांचा दमा कसा आहे?

आम्ही जामनेरला येऊच. शेजारणींना आत्ताच सांगून ठेव, दाराची कडी वाजवू नका, लांबूनच हाक मारा. कडी वाजली की कुसुमा कोयता उचलते.

तुझा वाल्मीक