सहावं नाव

१२ जानेवारी

निघालो एकदाचे. जीपची बॅटरी रात्रभर घरात चुलीपाशी ठेवली होती, तरी सकाळी अर्धा तास कुरकुरली. बाबा शांत. त्यांना कसली घाई!

कुल्याश आत्याने पिशवीभर बाऊरसाक, कणकेचे गोळे, तळून दिले, घोड्याच्या मांसाचं सॉसेज दिलं, आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, रस्त्यात त्याच्याशी वाद घालू नकोस, तो वाद घालताना स्टिअरिंग सोडतो. आत्या बाबांपेक्षा अकरा वर्षांनी मोठी. कडेवर घेऊन वाढवलंय तिने त्यांना. त्यांच्या चौसष्टाव्या वर्षीही तिला ते नाक पुसायच्या वयाचेच वाटतात.

तेराशे किलोमीटर. रशियातून वळसा घालून मंगोलियात. उणे तीस. कशासाठी? तर एका म्हाताऱ्याला विचारायला, की तोरगिनला लग्न करता येईल का. तोरगिन म्हणजे मी. वय वर्षं एकतीस!

१३ जानेवारी

रस्ता दिसत नाही, नुसता पांढरा. बाबा तीस वर्षं ट्रक चालवायचे या बाजूला, त्यामुळे डोळे मिटूनही जातील. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावलाय. बोलणं बंद.

इथे तरी मनातलं लिहून टाकते. मेइरबेक पहिल्यांदा घरी आला तेव्हा चहा निवायच्या आत बाबांनी विचारलं होतं, "तुझे सात बाप सांग." म्हणजे बापापासून वरच्या सात पिढ्यांची नावं. वीजकेंद्रात काम करणारा शहाणासुरता माणूस, चार नावांवर अडकला. त्याचे लोक मंगोलियातून इकडे आले तेव्हा तो नऊ वर्षांचा, आजोबा आधीच गेलेले. कोण शिकवणार? बाबांनी पेला खाली ठेवला. आम्हीही केरेय, तेही केरेय, टोळी एकच. सात पिढ्यांच्या आत दोघांचा मूळपुरुष एकच निघाला, तर लग्न नाही. विषय संपला.

मेइरबेकच्या घराण्याची वंशावळ सांभाळणारे कुसाइन आजोबा अजून तिकडेच आहेत. वय ब्याण्णव. मी म्हटलं, फोन करा. तर म्हणे असल्या गोष्टी फोनवर विचारत नाहीत, मुलीच्या बापाने समोर बसून विचारायच्या. मग उन्हाळ्यात जाऊ. तर म्हणे तोवर म्हातारा राहील कशावरून.

मला काय कळत नाही का? 'नाही' हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकावा, म्हणून नेतायत मला.

दुपारी रागाने बाऊरसाक टाकला तो सीटखाली गेला. बाबांनी भर बर्फात जीप थांबवली. खाली उतरले, वाकून तो शोधला, कपाळाला लावला आणि स्वतः खाल्ला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अन्नाची एवढी कदर! माणसाची नाही.

१४ जानेवारी

सहा वर्षांपूर्वी झामबिल होता. तेव्हा मोजणी पाचव्यावर जुळली. बाबा नाही म्हणाले आणि मी पंचवीस वर्षांची गाय, मान खाली घालून हो म्हणाले. या वेळी नाही ऐकणार. म्हाताऱ्याने काहीही सांगू दे.

— हे लिहायला सोपं आहे. मेइरबेकने काल फोनवर हळूच सांगितलं, कुसाइन आजोबांनी नको म्हटलं तर त्याची आई आशीर्वाद देणार नाही. आणि आईला डावलून तो काही करणार नाही.

१५ जानेवारी

सीमेवर पाच तास. रशियन शिपायाने सॉसेज हुंगलं आणि परत दिलं.

१६ जानेवारी

मंगोलिया. रस्त्यापेक्षा गोठलेली नदी बरी, म्हणून बाबा नदीवरून चालले. आधी उतरून शंभर पावलं स्वतः चालत गेले, टाचेने बर्फ ठोकत. मी आत बसून बघत होते आणि वाटलं, फुटला तर बरं, परत तरी जाता येईल. लिहितानाही लाज वाटते. पण वाटलं.

पुन्हा आत बसले, मिशांवर बर्फ. बराच वेळ गेल्यावर अचानक विचारलं, "त्या झामबिलला मुलं किती?"

"तीन," मी म्हटलं.

तासभर नदीवरून चाललो. मी मुद्दाम खिडकीकडे तोंड केलं.

१७ जानेवारी

झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

कुसाइन आजोबांचं घर मातीचं, बुटकं, आत भट्टीसारखं गरम. त्यांना जवळजवळ दिसत नाही. सुनेने मेंढी कापली होती. डोकं मानाचं म्हणून बाबांपुढे ठेवलं, बाबांनी कान कापून मला दिला. कान लहान मुलांना देतात. त्यांच्या लेखी मी तेवढीच.

जेवणानंतर सुनेने मेणकापडाची गुंडाळी सोडली. आतला कागद सतरंजीएवढा, नावंच नावं, फांद्या फुटल्यासारखी. आजोबांना ती वाचावी लागत नाहीत, बोट बरोबर जातं. परक्या घरात आमची नावं कशी, तर वर जाऊन सगळे केरेय एकच. बाबा म्हणू लागले, माझ्यापासून वर: सगदात म्हणजे ते स्वतः, उमिरझाक, बैतोरे, तिलेउ, कोशकार, मामीर, जानतेली. दर नावाला आजोबा एक बोट दुमडत होते. लहानपणी हीच नावं मी रोज म्हणायची. तिलेउ विसरले म्हणून एकदा थप्पड खाल्ली आहे.

मग मेइरबेकची चार नावं, आणि त्यावर आजोबांनी स्वतः घातलेलं पाचवं, सारबास. सारबास हा कोशकारचा धाकटा भाऊ. बोट त्या दोघांच्या बापावर, मामीरवर, येऊन थांबलं.

"सहावा," आजोबा म्हणाले. "एकाच घरातली पोरं तुम्ही. हे नाही व्हायचं, पोरी. मी ठरवत नाही, मी फक्त वाचतो."

मी बाबांकडे बघितलं. सुटल्यासारखे दिसतील असं वाटलं होतं. ते सुरीवरची चरबी पुसत होते. पुसून झाल्यावर सुरी मिटली आणि म्हणाले, "आजोबा, यातून माझं नाव काढा."

"का?"

"मी उमिरझाकच्या पोटचा नाही. अनाथाश्रमातून आणलं होतं मला, तान्हा असताना. कुणाचा, ते कुणालाच माहीत नाही. त्यांचे सात बाप माझे नव्हेत. या पोरीचेही नव्हेत."

आजोबांनी विचारलं, उमिरझाकला दुसरा मुलगा? बाबा म्हणाले, नाही.

"म्हणजे उमिरझाक इथे संपला."

"संपला."

"रोटीवर हात ठेवून सांग."

बाबांनी ठेवला. सांगितलं. सुनेने निळ्या पेनाने बाबांच्या नावावर रेघ मारली, खाली माझ्या नावावरही. आजोबा म्हणाले, मग मुलगी मोकळी आहे, मी मेइरबेकच्या आईला निरोप देतो.

१८ जानेवारी

मोकळी! नाचायला हवं होतं.

एकतीस वर्षं मला दुसऱ्यांचे बाप घोकायला लावले यांनी! त्या नावांसाठी थप्पड, त्या नावांसाठी झामबिल! तेव्हा का नाही तोंड उघडलं? तेव्हाही तर हे अनाथाश्रमातलेच होते! माझ्या आयुष्यापेक्षा यांना यांचं खोटं खानदान मोठं वाटलं. सहा वर्षं मी भिंतीकडे बघत काढली आणि हे समोर बसून चहा पीत होते.

जीपमध्ये विचारलं हे सगळं. ओरडून विचारलं. म्हणाले, "तेव्हा हिंमत नव्हती." बस्स. एवढंच.

मेइरबेक फोनवर रडला आनंदाने. मला रडू आलं नाही.

२० जानेवारी

सीमा. बोलणं बंद. या वेळी माझ्याकडून.

२१ जानेवारी

ठरवलं. लग्न झालं की मेइरबेकच्या गावी जायचं, परत पाऊल टाकायचं नाही. म्हातारपणी बघेल त्यांना कोण बघायचं ते. खानदान बघेल.

बाबा हल्ली जेवताना रोटी उचलत नाहीत. नुसतं मांस आणि चहा. विचारलं नाही. मला काय करायचंय!

२३ जानेवारी

घरी. आत्याने पायापासून डोक्यापर्यंत चाचपलं आम्हाला. बाबा सरळ जीपवर गोधडी घालायला गेले.

२४ जानेवारी

सकाळी आत्या लोकर विंचरत होती. मला राहवलं नाही. सगळं सांगायचं नव्हतं, म्हणून आडून विचारलं, बाबांना कुठल्या अनाथाश्रमातून आणलं?

आत्या आधी हसली. म्हणाली, "कुणी सांगितलं तुला? अगं, मी कंदील धरला होता! मेंढ्यांच्या तळावर वादळात जन्मला तो. दाई पोचलीच नाही. आईने मला म्हटलं, कातर दे, आणि मी लोकर कापायची कातर धुऊन दिली. अकरा वर्षांची होते. उमिरझाकचं नाक, उमिरझाकचा हेका, अजून काय पुरावा हवाय?"

मी पाणी आणते म्हणून उठले. बादली दारातच राहिली.

आता सगळं बाबांखेरीज मला एकटीला माहीत आहे. मामीर सहावा, म्हणजे सहावाच. लग्नाला हो म्हटलं तर सात पिढ्यांचा नियम मोडून जायचं. नाही म्हटलं तर बाबांनी रोटीवर हात ठेवून स्वतःचा बाप पुसला, ते फुकट.

बाबा बाहेर अंगणातला बर्फ ओढत होते. मला बघून थांबले आणि म्हणाले, "तारीख कळवलीस का त्याला?"

मेइरबेकचे सकाळपासून तीन फोन येऊन गेलेत. मी अजून एकही उचललेला नाही.