राळ साबणाने जात नाही

प्रिय ऑर्फामावशीस,

ट्वायलाकडून दोन्ही गालांवर पापा. तुझी पाठ कशी आहे? सलूनमधल्या त्या जड खुर्च्या एकटीने ओढू नकोस असं डॉक्टरांनी सांगितलंय आणि तू ओढतेसच, हे मला इथे बसून दिसतं. मांजर व्यायली का? माझं सगळं ठीक आहे. (ठीक नाही, पण पत्राच्या सुरुवातीलाच बोंब मारू नये असं तूच शिकवलंस.) थंडी मरणाची आहे, पण आईने नाताळात पाठवलेले लोकरीचे गुडघेमोजे आहेत. स्वेटर नाही, टोपी नाही, नेमके गुडघ्यांनाच का, देव जाणे. हे पत्र मुद्दाम सलूनच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण घरी आलेलं प्रत्येक पाकीट आई आधी उजेडात धरून बघते. वाचून झालं की फाडून टाक. आधी केसांच्या रंगात बुडवून मग फाडलंस तर आणखी बरं.

तर, मी परवान्याचा अर्ज केला. कशाचा, ते या जगात फक्त तुला ठाऊक आहे. थँक्सगिव्हिंगला तुझा कंगवा माझ्या हाताला चिकटून सुटेना, तेव्हा मला तुला सगळं सांगावंच लागलं होतं: खांबावर चढणं मी जिममध्ये बायकांना शिकवते, खांबावर पकड बसावी म्हणून हाताला राळ लावते, जिम बंद पडणार आहे, आणि ‘कॉपर लँटर्न’च्या मालकाने मला त्याच्याकडे नाचायला विचारलंय. तिथे अंगावरचे कपडे एकेक उतरवत नाचायचं असतं, आणि समोर बसलेल्यांनी लिंबू सरबत पीत बघायचं असतं. (खरंच सरबत. तिथे दारू विकायला बंदी आहे. चर्चच्या सहलीत आणि तिथे पेय एकच.) मावशी, मला ते काम हवंय. नुसतं भाड्यापुरतं नाही. त्या खांबावर उलटी लटकते तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच कुठेतरी सरळ असल्यासारखं वाटतं. पण शेरीफच्या कचेरीतून परवाना मिळाल्याशिवाय मालक स्टेजला हातसुद्धा लावू देत नाही.

भीती परवान्याची नाही, आईची आहे. नवऱ्याला, डेलला, सोडलं तेव्हा तिने दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं होतं, ते तू त्याच घरात राहून पाहिलंस. गेल्या ईस्टरला कुठे ती बोलायला लागली. आता दर रविवारी चर्चहून आली की फोन करते, गव्हाचा भाव सांगते, कोण गेलं ते सांगते आणि ठेवून देते. तेवढ्याशा फोनसाठी मी आठवडाभर जगते. हे तिच्या कानावर गेलं तर तोही बंद होईल, आणि या वेळी दोन वर्षांवर भागणार नाही.

आता कालची कथा ऐक. परवान्यासाठी बोटांचे ठसे द्यायचे म्हणून मी इतकी घाबरले होते, की मन थाऱ्यावर यावं म्हणून सकाळी तासभर खांबावर सराव केला. मन आलं थाऱ्यावर. हात धुवायचे राहिले. कचेरीच्या दाराची मूठ धरली, ती सोडवायला दुसरा हात लावावा लागला. खिडकीतल्या बाईने पेन दिलं, ते परत देताना आमची थोडी झटापट झाली. मग तिने विचारलं, नाचायचं नाव काय? परवान्यावर खऱ्या नावाखाली तेही छापतात म्हणे आणि वर्षभर बदलता येत नाही. बाकीच्या पोरी महिनोन्‌महिने विचार करून हिऱ्यामोत्यांची, फुलांची नावं घेतात. मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. मागे रांग खोळंबली होती. तोंडात आलं ते सांगून मोकळी झाले. (कोणतं, ते आत्ता नको.)

या तालुक्यात ठसे सगळ्यांचे एकाच बाकावर बसवून घेतात. बंदुकीचा परवाना, शाळेची बस, म्हाताऱ्यांची शुश्रूषा आणि आम्ही. तुम्ही कशासाठी, असं कुणी कुणाला विचारत नाही. सगळे बुटांकडे बघतात. मीही बघत होते, तेवढ्यात समोर ओळखीचे बूट येऊन थांबले. डावा नेहमी अर्धवट बांधलेला. आपले पाळकसाहेब लिंडक्विस्ट! ज्यांनी मला बाप्तिस्मा दिला, ज्यांना आई दर रविवारी उपासनेनंतर भेटल्याशिवाय राहत नाही, ते.

“ट्वायला! व्हर्नाची ट्वायला ना तू?” म्हणाले. मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी आता पाळकांनाही ठसे द्यावे लागतात म्हणून आले होते. मग विचारलंच, “आणि तू गं?” मी म्हणाले, “मीपण... शिकवण्यासाठीच.” मावशी, हे धडधडीत खोटं नाही. मी शिकवत होतेच. काय, ते त्यांनी विचारलं नाही. आनंदाने त्यांचा चेहरा असा फुलला की मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. आणि त्यांनी हात पुढे केला.

त्यांनी हात धरला आणि तो सुटेना. पाळकसाहेबांना वाटलं, पोर भावनेच्या भरात हात सोडत नाही. त्यांनी दुसरा हात वर ठेवून थोपटलं. मग तोही चिकटला. आम्ही दोघं बाकावर तसेच, आणि बस चालवणारा गृहस्थ डोळे मिटून घेतोय. त्याला वाटलं प्रार्थना चाललीय. शेवटी मी हात पिळून काढला, पण राळ काही सगळी माझ्यासोबत आली नाही.

पुढचं कसं लिहू? ठसे घेणारी रॅमोना नावाची बाई आहे, आवाज असा की जणू पलीकडच्या शेतातून हाक मारतेय. तिने आधी त्यांचं बोट काचेवर दाबलं. काही उमटेना. दुसरं दाबलं, ते काचेलाच राहिलं. तिने त्याचा वास घेऊन बघितला आणि अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल असं म्हणाली, “हे तर नाचणाऱ्या पोरींच्या हाताला असतं! सगळ्या खांबावरून उठून सरळ माझ्याकडे येतात. तुमच्या हाताला कसं काय लागलं, पाळकसाहेब?”

बाकावरचे सगळे आयुष्यात पहिल्यांदा बुटांवरून नजर काढून वर बघायला लागले. पाळकसाहेबांनी आपल्या बोटांकडे बघितलं. मग माझ्या. मग पुन्हा आपल्या. रॅमोनाने माझं बोट दाबलं, तेही उमटलं नाही. “ही बघा दुसरी! जा दोघं, हात धुऊन या.”

मग आम्ही दोघं एकाच बेसिनशी, शेजारी शेजारी, हात घासतोय. साबणाची वडी एकच. ती आधी त्यांना चिकटली, मग मला. मी मनात बायबलातल्या दहाही आज्ञा म्हणून घेतल्या. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “पाणी गार आहे.” बस. एवढंच. टोपी घालून निघून गेले, ठसे न देताच. मला रॅमोनाने बजावलं, उद्या स्वच्छ हातांनी ये, नाहीतर अर्ज रद्द.

मावशी, मी तेव्हापासून त्या वाक्याचा कीस पाडतेय. पाणी गार आहे म्हणजे फक्त पाणी गार आहे? की माझ्याशी बोलावं असं आता काही उरलं नाही? की ही गोष्ट आईला सांगताना ते तिला आधी खुर्चीत बसवणार आहेत? जेवण जात नाही. हात घासून घासून लाल झालेत. कपड्यांचा साबण झाला, भांड्यांची घासणी झाली, नखांचा रंग काढायचं पाणी झालं, राळ आहे तिथेच आहे. म्हणजे काम जाणार, आणि वर आईही जाणार. निदान एक तरी राहावं ना!

सगळ्यांना माझा नमस्कार. आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझीच,
ट्वायला

ता.क. आता मुद्द्याचं. पाळकसाहेबांची बायको शुक्रवारी तुझ्याकडे केस बसवायला येते. तिला ड्रायरखाली घाल आणि हळूच काढून घे, नवरा घरी काय बोलला. नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेव, पण जाळू नकोस. तो काही बोलला असेल तर आईपर्यंत जायच्या आत तू आईला गाठ आणि सांग की... काय सांगशील ते मला सुचत नाही. तू रचतेस ते माझ्यापेक्षा बरं असतं.

ता.क. २. पाकीट चिकटवणार (हाताला आपोआप चिकटलंच होतं) तेवढ्यात फोन वाजला. आई. रविवार नसताना! वाटलं, झालं, कळलं हिला. तर ती नेहमीसारखीच रुक्ष आवाजात म्हणाली, “लिंडक्विस्ट आले होते. कसं आहे विचारलं नाही, काही नाही, दारातच हात पुढे करून म्हणाले, व्हर्ना, राळ कशाने जाते? ट्वायलाचे आणि माझे ठसे अडलेत. माझा बाप, तुझा आजोबा, लाकूडतोड्या. मला कळणार नाही होय? राळ साबणाने जात नाही, ट्वायला. लोणी चोळ. आधी लोणी, मग गरम पाणी.”

मग ती म्हणाली, “ऑर्फाने मला नाताळाआधीच सांगितलंय. तू कुठे जातेस ते मला ऐकायचं नाही. मला ते आवडत नाही आणि आवडणारही नाही. पण जायचंच असेल तर कागद अर्धवट ठेवून जायचं नाही. आपल्या घरात कुणी काम अर्धवट ठेवत नाही. आणि ते मोजे घालतेस ना सरावाला? खांबाला गुडघे सोलपटतात म्हणे.” आणि ठेवून दिला.

मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले, मावशी. हातात लोण्याचा डबा घेऊन. नाताळापासून तिला माहीत होतं, आणि तिचा एक रविवार चुकला नाही.

ता.क. ३. आजच जाऊन आले. दहाही बोटं पहिल्या फटक्यात उमटली. रॅमोना म्हणाली, “आज टोस्टचा वास कुठून येतोय?” पाळकसाहेब माझ्या आधीच येऊन गेले होते, त्यांनाही तोच वास होता म्हणे. तेव्हा ड्रायरचं राहू दे, त्या बिचारीला वेळेवर बाहेर काढ.

आता ते नाव. तुला कुठूनतरी कळण्याआधी मीच सांगते. खिडकीतली बाई खेकसली, मी गडबडले, आणि संकटात माझ्या तोंडात लहानपणापासून एकच हाक येते. परवान्यावर फोटोखाली मोठ्या अक्षरांत छापलंय ‘ऑर्फा’. वर्षभर बदलता येणार नाही. या शनिवारी ‘कॉपर लँटर्न’मध्ये दिवे मंद होतील, आणि भोंग्यावरून तुझ्या नावाचा पुकारा होईल. तू माझं गुपित आईला दिलंस, मी तुझं नाव घेतलं. फिट्टंफाट.